गाजराचे हवामान मातीत असते

उष्ण कटिबंधात गाजर नीट येत नाही, असे सर्रास सांगितले जाते आणि आधार म्हणून तापमानाचा एक तक्ता पुढे केला जातो. तो तक्ता चुकीचा नाही. गाजराचे मूळ सर्वांत चांगले रंगते आणि भरते ते साधारण १६ ते २१ अंश सेल्सिअस तापमानात. २५ अंशांच्या पुढे मुळे आखूड, जाड आणि फिकट होऊ लागतात, आणि ३० अंशांच्या वर पाला कितीही जोमदार दिसला तरी जमिनीखाली फारसे काही जमा होत नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या सखल प्रदेशांत वर्षातले बरेच महिने दुपारचे तापमान या मर्यादेच्या वर असते, तेव्हा हे पीक आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. तरीही ब्राझीलच्या पठारावर ऐन उष्ण आणि पावसाळी महिन्यांत गाजराचे मोठे पीक निघते. तक्ता खरा आणि हे पीकही खरे, असे कसे, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की तक्त्यातले आकडे हवेचे असतात आणि हवा लागते ती पाल्याला. बी, रुजवा आणि मूळ यांचे सगळे आयुष्य मातीत जाते, आणि मातीचे हवामान बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

आधी या वनस्पतीची थोडी ओळख करून घेऊ. गाजर हे धने, जिरे, बडीशेप यांच्या कुळातले. त्याची लागवड मध्य आशियात, आजच्या अफगाणिस्तान आणि इराणच्या परिसरात, सुमारे दहाव्या शतकात रुळली होती असे मानले जाते, आणि तेव्हाची गाजरे जांभळी किंवा पिवळी होती. नारिंगी गाजर युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात पुढे आले. आज लागवडीखाली असलेल्या वाणांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. आशियाई गटातली गाजरे उष्णता अधिक सोसतात, त्यांत लाल आणि जांभळ्या रंगाची बरीच असतात, आणि थोडीशी थंडी मिळाली तरी ती फुलोऱ्यावर जातात. युरोपीय गटातली गाजरे द्विवर्षायू आहेत. पहिल्या वर्षी मूळ साठवायचे, मग काही आठवडे १० अंशांखालची थंडी सोसायची आणि नंतरच दांडा वर काढायचा, असा त्यांचा क्रम असतो. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण बियाण्याचा प्रश्न शेवटी याच ठिकाणी येऊन ठेपतो.

उष्ण प्रदेशात गाजर घेण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे डोंगर चढणे. दर हजार मीटर उंचीला हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नीलगिरीतले उदकमंडलम, श्रीलंकेतले नुवारा एलिया, व्हिएतनाममधले दालात ही गाजराची नावाजलेली ठिकाणे सुमारे दीड ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहेत, आणि तिथे हे पीक का साधते हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे अशी उंची आहे त्यांची अर्धी अडचण भूगोलानेच सोडवली आहे. आज मी बोलतो आहे ते मुख्यतः ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्यासाठी.

आता मातीकडे वळू. उघड्या, कोरड्या मातीचा पृष्ठभाग उष्ण कटिबंधातल्या दुपारी ५० अंशांच्याही पुढे तापू शकतो. त्याच जागी बोटभर खाली तापमान बरेच कमी असते, आणि वीतभर खाली तर दिवस-रात्रीचा फरक जेमतेम जाणवतो. म्हणजे एकाच वाफ्यात दोन हवामाने असतात: वर भट्टी आणि खाली जवळजवळ स्थिर ऊब. गाजराचे दुर्दैव असे की त्याचे बी एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खोल टाकता येत नाही, त्यामुळे आयुष्यातले सर्वांत नाजूक दहा-बारा दिवस त्याला नेमके त्या भट्टीत काढावे लागतात. उष्ण प्रदेशात गाजर फसते तेव्हा ते बहुतेक वेळा इथेच फसलेले असते, मूळ भरण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधी.

हे बी तळहातावर घेऊन नीट पाहण्यासारखे आहे. एका ग्रॅममध्ये सुमारे ७०० ते १००० बिया बसतात. ज्याला आपण बी म्हणतो ते खरे तर दोन भागांत उकलणाऱ्या फळाचे अर्धुक असते. त्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते, फुगीर बाजूवर उभ्या कडा असतात, आणि त्या कडांवरचे बारीक काटे विक्रीपूर्वी घासून काढलेले असतात. चुरगळले तर पाल्यासारखाच उग्र वास येतो, कारण सालीत तेलाच्या नळ्या असतात. आत गर पुष्कळ आणि त्या गरात बुडालेला गर्भ अगदी लहान. बाजरी किंवा मुळ्याचा गर्भ पाणी मिळताच बाहेर पडायला तयार असतो. गाजराच्या गर्भाला आधी बियांच्या आतच काही दिवस वाढावे लागते आणि मगच मोड बाहेर येतो. त्यातही फुलोऱ्याच्या मुख्य छत्रीतले बी आणि बाजूच्या उपछत्र्यांतले बी यांच्या गर्भाची लांबी सारखी नसते, म्हणून एकाच दिवशी पेरलेल्या ओळीत काही रोपे आठवड्यात दिसतात तर काही पंधरवड्याने.

गर्भ आतल्या आत वाढण्याचा हा काळ उष्णतेला फार हळवा असतो. २० ते २७ अंशांत उगवण उत्तम होते, ३० अंशांपर्यंत ती चालते, आणि ३५ अंशांच्या आसपास बहुतेक वाणांची उगवण कोसळते. बी मेलेले नसते, थबकलेले असते. तापमान उतरले तर ते पुढे रुजूही शकते, पण तोपर्यंत मातीतल्या बुरशीने आणि मुंग्यांनी आपला वाटा उचललेला असतो. शेतकरी बियाण्याला दोष देतो, बियाणेवाला पाण्याला, आणि वाफ्यातल्या वरच्या दीड सेंटिमीटरचे तापमान मात्र कोणी मोजत नाही. मातीत खोचायचा साधा तापमापक हे गाजर घेणाऱ्याचे मला खुरप्याइतकेच आवश्यक अवजार वाटते.

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चिक नाहीत. गर्भवाढीचा काही भाग वाफ्याबाहेर उरकून घेता येतो. बी सुती कापडात बांधून दिवसभर पाण्यात भिजवावे, मग २० अंशांच्या आसपासच्या गार जागी ओल्या कापडात आणखी दोन दिवस ठेवावे, आणि मोड बाहेर डोकावण्याआधी सावलीत सुटे होण्यापुरते सुकवून कोरड्या वाळूत मिसळून पेरावे. पेरणी संध्याकाळी करावी. आधी ओळ खोल भिजवून घ्यावी, वाफसा आला की बी टाकावे आणि ते जागच्या मातीने झाकण्याऐवजी चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या खताने किंवा बारीक वाळूमिश्रित खताने झाकावे, म्हणजे पाणी दिल्यावर वर पापुद्रा धरत नाही. गाजराचा रुजवा दोऱ्याएवढा बारीक असतो आणि घट्ट पापुद्रा फोडण्याची ताकद त्याच्यात नसते. वरून पेंढा किंवा ओले गोणपाट अंथरावे आणि दिवसातून दोनदा हलके पाणी शिंपडावे. ओल्या आच्छादनातून पाण्याची वाफ होते तेव्हा ती उष्णता घेऊन जाते, आणि गोणपाटाखालची माती शेजारच्या उघड्या मातीपेक्षा कितीतरी गार राहते, हे हात लावून कोणीही पडताळून पाहावे.

गोणपाट काढण्याची वेळ मात्र चुकवू नये. पहिले हिरवे टोक दिसले की त्याच संध्याकाळी ते काढावे. एक दिवस उशीर झाला तर रोपे पांढरी, लांबट होतात आणि विणीत अडकून तुटतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे तीस ते पन्नास टक्के सावली देणारी जाळी किंवा वाळक्या फांद्यांचा विरळ मांडव पुरतो. पुढे सावली हटवलीच पाहिजे, कारण मुळात जी साखर साठवायची ती उन्हातूनच येते.

या टप्प्यावर एक फसवी गोष्ट घडते, ती ओळखता आली पाहिजे. चांगली उगवलेली रोपे दोन-चार दुपारींत आडवी पडतात आणि सगळे म्हणतात, मर लागली. असे रोप अलगद उपटून पाहावे. मर रोगात देठाचा बुडखा आणि मूळ पाणथळ, तपकिरी झालेले असते. उन्हाने गेलेल्या रोपात नेमका जमिनीला टेकणारा देठाचा भाग दोरा आवळल्यासारखा बारीक झालेला असतो आणि त्याच्या खालचे मूळ पांढरे, टणक असते. तापलेल्या मातीच्या कडेने तो कोवळा देठ शेकून काढलेला असतो. अशा वाफ्यावर बुरशीनाशक फवारणे व्यर्थ आहे. भर दुपारी पाच मिनिटांचे हलके तुषार दिले आणि ओळींच्या मधली माती झाकली, तर उरलेली रोपे वाचतात. देठ जून झाला की हा धोका टळतो.

रोप तीन पानांवर येते तेव्हा वर पाहण्यासारखे काही नसते, पण खाली गाजराचा साचा तयार झालेला असतो. बारीक सोटमूळ पहिल्या तीन-चार आठवड्यांत आपली खोली गाठते, आणि पुढे जे घडते ते लांबी वाढण्यापेक्षा जाड होण्याचे काम असते. त्या टोकाला वाटेत खडा, ढेकूळ, घट्ट थर किंवा ताज्या शेणाचा गोळा लागला तर टोक मरते आणि बाजूची मुळे पुढे सरसावतात. तीन महिन्यांनी काढलेले दुपायी गाजर हे त्या पहिल्या महिन्यातल्या अपघाताचे फळ असते. म्हणून भारी, चिकण जमिनीत २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करणे अनिवार्य समजावे. पावसाळी प्रदेशात निचऱ्यासाठीही तोच उपयोगी पडतो. शेणखत घालायचे ते पूर्ण कुजलेले, शक्यतो आधीच्या पिकाला घातलेले. जास्त पावसाच्या प्रदेशांतल्या लाल जांभ्या जमिनी आम्ल असतात, तिथे सामू सहा ते साडेसहावर येईल इतका चुना पेरणीच्या बऱ्याच आधी मिसळावा लागतो. हलक्या, धुपलेल्या जमिनींत बोरॉनही कमी पडते आणि मुळे चिरतात, त्यासाठी माती तपासून मगच मात्रा ठरवावी, कारण कमी बोरॉन आणि जास्त बोरॉन यांतले अंतर फार थोडे असते.

मुळांना फाटे फुटण्याचे आणखी एक कारण उष्ण प्रदेशात विशेष छळते, ते म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. २५ ते ३० अंशांच्या मातीत त्यांची एक पिढी जेमतेम महिनाभरात पुरी होते. थंड मातीत याला कितीतरी जास्त वेळ लागतो. टोमॅटो, वांगी, भेंडी किंवा काकडीवर्गीय पीक निघालेल्या वाफ्यात लगेच गाजर पेरणे म्हणजे त्यांना जेवणाचे आमंत्रणच. त्याआधी ताग किंवा झेंडूचे एखादे पीक घ्यावे, आणि जमले तर तीव्र उन्हाच्या महिन्यांत भिजवलेल्या वाफ्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवावे. ज्या उन्हाची आपण एवढी धास्ती घेतो ते इथे आपले काम करते. वरच्या थरातले सूत्रकृमी, रोगकारक बुरशी आणि तणांचे बी त्या उष्णतेने बऱ्याच प्रमाणात मरते. गाजराचे रोप तणाशी स्पर्धा करण्यात अतिशय दुबळे असते, त्यामुळे केवळ खुरपणी वाचते म्हणूनही हा उपाय करण्याजोगा आहे.

आता मूळ भरण्याच्या काळाकडे येऊ. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून काढणीपर्यंत पाने दिवसा साखर बनवतात आणि ती मुळात उतरते. पण सगळे रोप रात्रंदिवस श्वसनही करत असते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. दिवसभराची कमाई उष्ण रात्रीत खर्ची पडते, आणि शिल्लक राहते तेवढीच मुळात जाते. म्हणून माझ्या मते दुपारच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीचे किमान तापमान या पिकाचे भवितव्य जास्त ठरवते. दिवसा ३० अंश आणि रात्री १६ अंश असलेल्या ठिकाणी मी निःशंकपणे गाजर पेरायला सांगेन. दिवसा २९ आणि रात्री २५ असलेल्या दमट किनाऱ्यावर दहादा विचार करायला सांगेन. चवीचेही असेच आहे. नॉर्वेत ९ ते २१ अंशांच्या नियंत्रित तापमानात वाढवलेल्या गाजरांची चव घेतली गेली तेव्हा गार तापमानातली गोड आणि कुरकुरीत निघाली, तर उबेतल्यांत कडवटपणा अधिक होता, कारण उष्णतेत टर्पीन वर्गाची वासाची द्रव्ये मुळात जास्त तयार होतात. त्या प्रयोगातली सर्वांत उबदार पातळी आपल्याकडच्या कित्येक ठिकाणांच्या गार रात्रीइतकी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे उष्ण प्रदेशात जून होईपर्यंत न थांबता गाजर थोडे कोवळेच का काढावे, हे आपोआप समजते.

यातून पेरणीच्या तारखेचा हिशेब उलटा मांडावा लागतो. उगवणीच्या काळातली उष्णता गोणपाटाने, सावलीने, पाण्याने आटोक्यात आणता येते. मूळ भरण्याच्या काळातली रात्र आटोक्यात आणता येत नाही. तेव्हा आधी आपल्या ठिकाणच्या सर्वांत गार रात्रींचे दोन महिने शोधावेत, ते महिने मूळ भरण्यासाठी राखावेत आणि तिथून पाच-सहा आठवडे मागे जाऊन पेरावे, मग तो पेरणीचा दिवस उकाड्याचा का असेना. बहुतेक जण हवा गार होण्याची वाट पाहून आरामात पेरतात आणि गाजर भरायच्या वेळी उन्हाळा दारात उभा असतो.

पाण्याविषयी थोडे. ओल एकसारखी राहिली पाहिजे. आठवडाभर ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले की मुळे उभी चिरतात, आणि काढणी लांबली तर आणखी चिरतात. नत्र जास्त झाले तर पाला माजतो आणि चिरण्याचे प्रमाण वाढते. पालाश मात्र कमी पडू देऊ नये. विरळणी पाच ते आठ सेंटिमीटरवर, ओलीत आणि संध्याकाळी करावी. डोके उघडे पडले की तिथे हिरवा रंग उतरतो आणि चव बिघडते, म्हणून मातीची भर द्यावी. या भरीने मुळाचा वरचा भाग गारही राहतो. क्षारांकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. गाजर हे क्षारांना सर्वांत हळव्या भाज्यांपैकी एक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती आहेत हे सांगणारे माप, मीटरला १ डेसिसायमन ओलांडली की उत्पादन घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १४ टक्के घट येते. उष्ण, कोरड्या प्रदेशात बाष्पीभवनाने क्षार वर येऊन नेमके रुजव्याच्या पातळीवर साठतात. मचूळ पाण्यावर गाजराचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरला वाणांचा प्रश्न, आणि इथे आपण सुरुवातीला पाहिलेल्या ब्राझीलकडे पुन्हा जायला हवे. तिथले उन्हाळी गाजर करप्याने जात असे. दमट उष्णतेत अल्टर्नेरिया आणि सर्कोस्पोरा या बुरशी आणि झँथोमोनास हा जिवाणू मिळून पाला जाळून टाकत, आणि पाला गेला की मूळ भरणार कशातून? एम्ब्रापा या तिथल्या सरकारी कृषिसंशोधन संस्थेने देशाच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या जाणाऱ्या स्थानिक गाजरांतून निवड केली आणि १९८१ साली ‘ब्राझिलिया’ हे वाण दिले. ते करप्याला टिकते, सूत्रकृमींना बरेच सोसते, मोठ्या दिवसांतही लवकर दांडा काढत नाही आणि सुमारे तीन महिन्यांत तयार होते. उष्णतेतही त्याची उगवण इतर कित्येक वाणांपेक्षा चांगली होते. जपानमधली कुरोदा गटातली वाणे याच कारणाने आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागांत पसरली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने स्थानिक लाल गाजर आणि युरोपातले नान्टीस यांच्या संकरातून ‘पुसा केसर’ काढले आणि लवकरच्या, अधिक उष्ण हंगामासाठी ‘पुसा मेघाली’ दिले. या सगळ्यांत मला महत्त्वाचे वाटते ते हे की उष्णता सोसण्याचा गुण बहुतेकदा जुन्या, ओबडधोबड, एकसारख्या न दिसणाऱ्या स्थानिक गाजरांतून मिळाला आहे, आणि नेमकी तीच वाणे आकर्षक नारिंगी संकरित वाणांपुढे झपाट्याने मागे पडत आहेत. ती जपली जावीत असे मला कळकळीने वाटते.

बियाण्याची अडचण अशी की युरोपीय गटाला फुलण्यासाठी जी थंडी लागते ती सखल उष्ण प्रदेशात मिळत नाही. मुळासाठी हे सोयीचे आहे, कारण दांडा येत नाही. पण बी मात्र तिथे धरत नाही आणि ते डोंगरातून किंवा परदेशातून आणावे लागते. ते दमट, उष्ण गोदामांतून फिरत आपल्यापर्यंत येते. बियांतली ओल एक टक्क्याने कमी केली किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरवले तर बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजसाठवणीचा ठोकताळा आहे. उलट्या दिशेने तोच नियम तितक्याच वेगाने नुकसान करतो. पुडी उघडली की उरलेले बी हवाबंद बरणीत, ओल शोषणाऱ्या द्रव्यासह, थंड जागी ठेवावे.

पुडीवर छापलेली उगवणीची टक्केवारी प्रयोगशाळेतली असते, आणि तिथे गाजराचे बी २० अंशांवर किंवा २० आणि ३० अंशांच्या आलटून-पालटून तापमानावर तपासतात. आपला वाफा त्या तापमानाचा नसतो. म्हणून पेरणीच्या दोन आठवडे आधी शंभर बिया मोजून ओल्या कागदात गुंडाळाव्यात, झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ज्या वाफ्यात पेरायचे तिथेच, आच्छादनाखाली ठेवावा आणि दुसऱ्या शंभर बिया घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात. चौदाव्या दिवशी दोन्हींतले मोड मोजावेत. दोन्हीकडे कमी निघाले तर बी जुने आहे आणि ते बदलावे. गार कोपऱ्यात ऐंशी आणि वाफ्यात तीस निघाले तर बी चांगले आहे, वाफा तापलेला आहे; तेव्हा सावली आणि आच्छादन वाढवावे, बी भिजवून पेरावे आणि मातीचा तापमापक दुपारी ३० अंशांच्या खाली दाखवू लागला की ओळी ओढाव्यात.